ओल्या चुन्यातला नवरदेव

सगळी वरात तयार होती, फक्त नवरदेवाला तोंड नव्हतं.

पाचपावलीतल्या कोष्टी समाजाच्या सभागृहात रविंद्र परांचीवर बसून शंकराच्या मानेवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. सकाळी सातलाच त्याने तिथे हातभर ओला चुना लावला होता. चुना ओला आहे तोवर रंग आत मुरतो. वाळला की संपलं. मग पुसता येत नाही, बदलता येत नाही, फोडावंच लागतं. आणि उद्या महाशिवरात्र. भिंतीवरचं शिवपार्वतीचं लग्न उद्या सकाळी सगळ्यांना दाखवायचं होतं.

ही विद्या त्याने वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून उचलली होती. सहाशे वर्षांपूर्वी इटलीत एक चित्रकार होऊन गेला. जन्मभर तो देवळांच्या भिंतींवर ओल्या चुन्यात संत काढत राहिला, पण संतांना चेहरे दिले गल्लीतले. कोणी पाववाला, कोणी धोबी. स्वतःचा चेहराही तो दर भिंतीवर गर्दीत कुठेतरी लपवून ठेवायचा. रविंद्रला या बाबाने असं झपाटलं की त्याने अर्धी वस्ती शंकराच्या वरातीत भुतं म्हणून उभी केली. कोणी रागावलं नाही. दात पडल्यापासून तोंडावर पदर धरणारी मैनाबाई तर आपलं बोळकं भूत बघायला रोज यायची आणि पोट धरून हसायची.

समाजाचे अध्यक्ष चंपतराव अर्थातच हिमालय झाले. नवरीचा बाप, पार्वतीचा हात शंकराच्या हातात देणारा. "मले हसता काढजो," असं त्यांनी बजावलं होतं. तसे ते मिशीसकट हसत तीन दिवसांपूर्वीच वाळून पक्के झाले होते. पार्वती होती त्यांची मुलगी शामला. आणि शंकराचा मान त्यांनी ठेवला होता हिंगण्याच्या कारखान्यातल्या फोरमन कृष्णकांतसाठी. येत्या रविवारी त्याचं आणि शामलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता.

इथेच सगळी पंचाईत होती. रविंद्रचं शामलावर प्रेम होतं. दीड महिना ती त्याला गेरू आणि काजळी घोटून देत होती, आणि दीड महिना तो हे तिला सांगायचं उद्यावर ढकलत होता. त्याने स्वतःला वरातीच्या अगदी शेवटी काढलं, कंदील धरणारं भूत.

"तुम्ही इतक्या मांग काहून उभे राहिले?" शामलाने तेव्हा विचारलं होतं. रविंद्रने कंदिलाला आणखी थोडा पिवळा रंग दिला होता.

दहा वाजले तरी कृष्णकांतचा पत्ता नाही. चंपतराव येरझाऱ्या घालून थकले.

"सायकल काढ अन् त्याले घेऊन ये," ते म्हणाले. "चुना वाळून राहिला."

म्हणजे आपल्याच जिवावर उठलेला नवरदेव आपणच आणायचा. रविंद्र निघाला.

कृष्णकांत दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावर भेटला आणि सगळं ऐकून उखडला. "उघड्या अंगानं? गळ्यात साप? कंपनीत काय तोंड दाखवू मी?" मग त्याने खिशातून एक फोटो काढून दिला. "याच्यावरून काढ. टाय दिसला पाहिजे."

रविंद्र परतला तेव्हा चार वाजले होते. चुना केव्हाच वाळला असणार होता. पण सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि सगळी वस्ती माना वर करून बघत होती.

शंकराला तोंड आलं होतं. नाक जरा वाकडं, एक डोळा जरा वर. पण डाव्या गालावरच्या खळीसकट तो रविंद्रच होता. खाली मैनाबाईने उदबत्ती लावून हात जोडलेसुद्धा होते.

"हे कोणं काढलं?" दुपारी घरी गेलेले चंपतराव परत येऊन दारातूनच गरजले.

"मी," रविंद्र पटकन म्हणाला.

"तू तं हिंगण्याले होता. मीच धाडलं तुले."

लोक खुदखुदले. परांचीवरून शामला उतरली. कोपरापर्यंत काजळी, कपाळावर चुना.

"मी काढलं, बाबा."

"हा समोर नव्हता, तं काढलं कसं?"

"मले पाहा लागत नाही," ती म्हणाली.

रविंद्रच्या डोक्यात सभागृह, भुतं, कंदील, सगळं गरगर फिरायला लागलं. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. त्याने परांचीचा बांबू घट्ट धरला.

"फोडून टाका ते!" चंपतराव ओरडले.

"महादेवाच्या तोंडावर हातोडा कोण घालते, पाहतेच मी," मैनाबाई म्हणाली. कोणी हललं नाही.

चंपतरावांनी रविंद्रच्या हातातला फोटो ओढला. टाय बघितला. मग भिंतीकडे बघितलं. तिथे ते स्वतःच उभे होते, मिशीसकट हसत, आणि लेकीचा हात त्या वाकड्या नाकाच्या शंकराच्या हातात देत होते. हळूहळू खऱ्या मिशीखालीही तेच हसू यायला लागलं.

"फोडून काय फायदा, गा," ते म्हणाले. "माझा हात तं तीन दिवसांपहिलेच वाळला."