हाकेला ओ

वाऱ्यानं पोरीची टोपी उडवली, आणि आईचा हात सोडून ती टोपीमागे धावत सुटली. पुढे कीलुंग बंदराचा पूल. पुलावर काटेरी तार, आणि तारेपाशी परवाच चीनहून बोटीनं या बेटावर आलेले सैनिक. तारेजवळ जाईल त्याला ते गोळी घालत होते.

“लान-हिओंग!” तिची आई आ-खिम ओरडली. “लान-हिओंग, थांब!”

पोरगी थांबली नाही. जपानी राज्य गेल्यावर ठेवलेलं हे नाव तिच्या अंगवळणी पडलंच नव्हतं. तारेपलीकडच्या सैनिकानं बंदूक खांद्याला लावली.

जपानी बोलताना सापडेल त्याला सैनिक ओढून नेत होते. कालच शेजारच्या डॉक्टरांना नेलं होतं. तरी आ-खिमच्या तोंडून पोरीचं जुनं जपानी नाव निघूनच गेलं.

“हारुए!”

पोर जागच्या जागी उभी राहिली. वळली. हात मांड्यांना चिकटवले, बालवर्गात जपानी बाईंनी शिकवलं होतं तशी कमरेत वाकली आणि खणखणीत ओ दिली, “हाइ!”

रस्त्यावरची माणसं भिंतीला सरकली.

सैनिक तार ओलांडून आला. सतरा-अठराचा असेल, पायात गवताच्या चपला. त्यानं काहीतरी विचारलं. त्याची भाषा आ-खिमला कळेना. तिनं धावत जाऊन पोरीला पोटाशी धरलं.

कोपऱ्यावर शेंगा विकणारे साइकाका टोपली ठेवून पुढे आले. तरुणपणी शांघायच्या गोदीत त्यांनी हमाली केली होती. ते सैनिकाशी त्याच्या भाषेत हसत हसत बोलू लागले. हसणं कसलं, ओठ पांढरेफटक पडले होते.

“काय सांगितलंत, काका?”

“गप. हसून मान हलव आधी. त्यांच्यात ‘हाइ’ म्हणजे समुद्र. म्हटलं, पोरीनं समुद्र बघायचा हट्ट धरलाय.”

“आणि मी मारलेली हाक?”

“आमच्याकडचं लाडाचं नाव म्हणालो. हलव की मान, बाई!”

आ-खिमनं मान हलवली. सैनिक बराच वेळ बंदराकडे बघत राहिला. मग बंदूक खाली करून काहीतरी पुटपुटला आणि थुंकला.

“म्हणतोय, इतक्यात तिकडे नेऊ नका तिला,” काका म्हणाले. “पाण्यात माणसं तरंगताहेत.”

आ-खिम घरापर्यंत चालत गेली. पळायची हिंमतच नव्हती. दाराला अडसर घातला आणि पोरीचा दंड घट्ट धरून म्हणाली, “कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. कळलं? कुठल्याच नावाला नाही.”

दिवेलागणीला तिनं रताळ्याची पेज वाढली आणि हाक मारली. एका नावानं. मग हळूच दुसऱ्यानं.

पोर खाटेखाली बसली होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून.