फाटकापाशी थांबणारा

आज तो सायकलवरून उतरला.

मयुरीच्या हातातली घागर नळाखाली तशीच राहिली. पंधरा दिवसांत तो कधी उतरला नव्हता. सकाळी साडेसहाच्या सुमारास आर्वीच्या बाजूने यायचा. पाठ वाकवलेली, पातळ चाकांची महागडी सायकल, डोक्यावर हेल्मेट, काळा चष्मा, नाकापर्यंत ओढलेलं फडकं. सगळ्या रस्त्याने सुसाट यायचा आणि नेमका यांच्या फाटकापाशी हळू व्हायचा. ओसरीकडे बघायचा. पाठीवरच्या खिशात हात घालायचा, हात एकदा वर व्हायचा, की चालला पुन्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओसरीच्या कठड्यावरचं तेवढंच दिसे. कठड्यामागे तिचा तीन वर्षांचा ऋग्वेद खेळत असायचा.

तिने नवऱ्याला, भूपेंद्रला सांगितलं होतं. चौकातलं दुकान उघडायच्या घाईत तो हसला होता. "अवो, पोट कमी कराले फिरतेत हे लोकं. अन् पोराले नेतो म्हटलं, तरी बसवन कुठी? कॅरिअर तरी आहे का त्या सायकलले?"

मयुरीला हसू आलं नाही. गावच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज तिसऱ्यांदा आला होता. असले मेसेज खोटे असतात, हे ती बी.एस्सी. झालेली बाई इतरांना समजावून सांगायची. तरी तिने कॅलेंडरवर त्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली होती.

आणि काल ऋग्वेदच्या मुठीत बिस्किट सापडलं. घरात तसलं बिस्किट नव्हतं.

"कोणं देल्लं?"

"काकानं."

तिने त्याच्या तोंडात बोट घालून तुकडा काढला, चार वेळा चूळ भरायला लावली. दुपारी तो जरा जास्त झोपला तर तिने त्याला हलवून उठवलं.

आज तो माणूस फाटकावरून आत वाकला होता. फडकं खाली केलेलं. एक हात कडीवर. दुसऱ्या हाताने तो ऋग्वेदला बोलावत होता, अगदी हळू, गोड आवाजात. "बाळा, ये. इकडे ये माझ्याकडे. पळू नको, हळूच ये."

मयुरी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ओरडतच बाहेर आली. "धरा! धरा त्याले! पोरं नेणारा आहे!"

तो दचकला. "ताई, ऐका तर..." म्हणाला. तेवढ्यात शेजारची दारं उघडली. दोघं-तिघं काठ्या घेऊन निघाले, तसा तो सायकलवर बसला आणि गावाकडे पळाला. तिने भूपेंद्रला फोन लावला. "चौकातच अडवा."

दहा मिनिटांत रोशनचा फोन आला. रोशन म्हणजे दुकानासमोरचा चहावाला. "वहिनी, धरला. ओळखाले या लवकर."

ऋग्वेदला बरोबर न्यावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण त्या माणसाची नजर लेकरावर पुन्हा पडायला नको होती. घरात ऋग्वेदपुढे मुरमुऱ्यांची ताटली ठेवून ती निघाली.

चौकात वीस-पंचवीस माणसं जमली होती. सायकल आडवी पडलेली, पुढचं चाक वाकलेलं. हेल्मेट निघालं होतं. आत पन्नाशीचा, टक्कल पडलेला साधा माणूस निघाला. ओठातून रक्त येत होतं. रोशनने त्याच्या पाठीवरचे खिसे उलटे करून दाखवले. चाकाची एक ट्यूब, चावी, आणि बिस्किटांचा अर्धा पुडा.

"घ्या! हा पुरावा!" रोशन म्हणाला. कोणीतरी कमरेचा पट्टा काढत होतं.

भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज त्या दिवशीच्या हसण्यातला नव्हता. "नीट पाहून सांग. हाच का?"

"हाच."

पहिला पट्टा बसला. माणसाने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "ताई, मी आर्वीच्या कॉलेजात शिकवतो. बिस्किटं कुत्र्यासाठी आहेत. आम्ही सगळे सायकलवाले ठेवतो खिशात. कुत्रं मागे लागलं, की टाकतो एक."

"कुत्र्याले बिस्किटं!" रोशन म्हणाला. "काऊन, जावई लागते का तुमचा?"

लोक हसले. त्या माणसाने वाकून मोजा खाली ओढला. पोटरीवर चार काळपट व्रण होते. "पंधरा-वीस दिवसाखाली तुमच्याच कुत्र्याने धरलं होतं. इंजेक्शनं घेतली. तेव्हापासून रोज बिस्किट टाकतो अन् जातो."

"खोटं बोलू नका," मयुरी म्हणाली. "आमच्या घरी कुत्रंच नाई."

पट्ट्याचा हात वर होता. पण तो माणूस पट्ट्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"ते लाल कुत्रं तुमचं नाही?"

"नाई म्हटलं ना."

"फाटकाखालून आत घुसते. रोज तुमच्या पोराला टेकून बसलेलं असते." त्याचे शब्द आता भराभर येऊ लागले. "काल बिस्किटाला तोंड नाही लावलं त्यानं. आज तोंडातून फेस गळत होता. म्हणून उतरलो मी. पोराला आधी त्याच्यापासून दूर घ्यावं म्हटलं. तुम्ही ओरडल्या, तसं ते दारातून आत घुसून बाजेखाली जाऊन बसलं."

पट्ट्याचा हात खाली आला. भूपेंद्रच्या हातातून चाव्यांचा जुडगा खाली पडला.

"ताई," त्या माणसाने विचारलं, "लेकरू आता कोणाजवळ आहे?"

मयुरीने कमरेला खोचलेली किल्ली चाचपली.

"बाजेवरच बसवून आली मी त्याले," ती म्हणाली. "खाली उतरजो नको म्हटलं. अन् बाहेरून कुलूप घातलं."