हीटर बंद, काचा उघड्या

“एक मोजा आला,” टेबलावरच्या बीगल कुत्र्याने ओकलेलं चिमट्याने उचलत डॉक्टर ऑडेट कॅब्राल म्हणाल्या. “आता दुसरा कुठे आहे?”

“दुसरा माझ्या पायात आहे,” बीगलचा मालक म्हणाला.

ऑडेट इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. शेजारच्या टेबलावर त्यांची मुलगी लिडिया, तीही डॉक्टरच, एका मांजराला लस टोचत होती. “आई, हळू! हे मला ओरबाडेल.” संध्याकाळी दिवे मालवताना ऑडेट म्हणाल्या, “उद्यापासून उत्तरेचा वारा आहे. कासवं येतील, बघ.”

सकाळी त्या उठल्याच नाहीत.

वारा मात्र आला. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या खाडीत अडकलेली समुद्री कासवं दर हिवाळ्यासारखी थंडीने आखडली आणि लाटांबरोबर वाळूत येऊन पडू लागली. लिडियाने दवाखाना एक दिवससुद्धा बंद ठेवला नाही. कुत्री, ससे, रस्त्यावर गाडीने उडवलेलं एक घुबड, सगळं एकटीने पाहिलं. आईचं दफन नीट पार पाडलं. फक्त आईसाठी मरणाचा तो शब्द उच्चारला नाही. वर्तमानपत्राने तो छापला, पाद्री तो बोलले, सगळं गाव बोललं. बाहेरगावच्या कोणाचा फोन आला की लिडिया सांगायची, “डॉक्टर आज नाहीत.” ते खोटंही नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी दवाखान्याचं दार लाथेने उघडलं. एक धिप्पाड म्हातारा आत शिरला. छातीशी कपड्यांची टोपली, टोपलीत ओला टॉवेल, टॉवेलखाली परातीएवढं कासव. ओठ निळे पडले होते. कासवाचे नव्हेत, म्हाताऱ्याचे.

“मी हॉलिस. गावात नवीन आहे,” तो कुडकुडत म्हणाला. “हे मेलं असेल तर सरळ सांगा. रडून घेतो आणि कॉफी प्यायला जातो.”

मदतनीस वेंडलने कासवाच्या पापणीला बोट लावलं. पाय ओढून पाहिला. हललं काहीच नाही. ही फार दुर्मीळ जात. वेंडलचा चेहरा पडला.

“गेलंय, लिडिया.”

“गारठलेलं कासव गरम झाल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही. यंत्र दे.”

ठोके ऐकवणारं ते चिमुकलं यंत्र तिने कासवाच्या मानेपाशी टेकवलं. नुसती खरखर. तिने जरा तिरकं धरलं. खरखरच. बाहेर बसलेली माणसं आपापली जनावरं घेऊन दारात गोळा झाली.

“माझ्या मांजराला काही घाई नाही,” एक बाई म्हणाल्या. “त्याला कुठे इंजेक्शन हवंय!”

“शू!”

“खूप वेळ झाला, लिडिया,” वेंडल पुटपुटला.

“गप्प बस.”

“मी आपलं म्हणतोय की…”

“श्वाससुद्धा घेऊ नकोस!”

धप्.

सगळे जागच्या जागी थिजले.

“माझं पोट असेल,” हॉलिस कुजबुजला. “सकाळपासून उपाशी आहे.”

लिडियाने यंत्र मानेवर आणखी घट्ट टेकवलं. खरखर. खरखर. कोणाचा तरी कुत्रा कण्हला. मग पुन्हा, स्पष्ट, जाड, सावकाश: धप्. आणि कासवाचा डावा पुढचा पाय, वल्ह्यासारखा, टॉवेलवर एकदा सरकला.

“जिवंत आहे!” लिडिया ओरडली. “जिवंत आहे! जिवंत आहे!”

वेंडलने मांजरवाल्या बाईंना मांजरासकट मिठी मारली. कुत्रे भुंकायला लागले. हॉलिसने टोपी हवेत उडवली, ती दिव्यावर जाऊन अडकली. तो हसत होता आणि नाक पुसत होता.

“तुमचे ओठ का असे झालेत?” वेंडलने त्याला विचारलं. “गाडीत हीटर नाही?”

“आहे की! मस्त आहे. पण लावू दिला तर ना!”

“बरं झालं नाही लावलात. नवीन माणसं हटकून लावतात. एकदम ऊब मिळाली की हृदयच थांबतं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या डॉक्टरबाईंनी! पहाटे फोन केला मी. बापरे, काय झाडलं मला! ‘कासव पुन्हा पाण्यात टाकायचं नाही. हीटर बंद, काचा उघड्या. तुम्हाला थंडी वाजली तर टोपी घाला, कासवाला टोपी नसते!’ मी दोनदा ‘हो बाई, हो बाई’ म्हणालो, तरी त्यांचं चालूच. मग पीं करून वाजलं, तेव्हा कळलं की मी मशीनशी बोलतोय.”

वेंडलने लिडियाकडे पाहिलं. दवाखाना बंद असताना फोन उचलणाऱ्या त्या मशीनवरचा ऑडेटचा आवाज त्या गेल्यापासून कोणीच बदलला नव्हता.

“हे त्यांनीच वाचवलंय, मी नाही,” हॉलिस म्हणाला. “कुठे आहेत त्या? बोलवा की! त्यांना ऐकू दे.”

धप्, यंत्र म्हणालं.

‘डॉक्टर आज नाहीत’ हे नेहमीचं वाक्य लिडियाच्या ओठांवर आलं होतं. पण मघाशी ओरडताना चढलेला आवाज अजून उतरला नव्हता. त्याच चढ्या, आनंदाने फाटलेल्या आवाजात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली,

“माझी आई मेली.”