टेलरची भिंत

टेलरच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. पवनचक्कीची पाती बनवणारा कारखाना गावाला लागून उभा राहिला आणि त्या घरातलं ते पहिलं लग्न, जे कुणापुढे हात न पसरता पार पडलं. थोरला मुलगा त्याच कारखान्यात होता. पातं बाहेर निघायच्या आधी रस्त्यातली वळणं मोजायची, हे त्याचं काम. लोक त्याला मोजणीदार म्हणायचे. टेलर ते ऐकून खाली मान घालून हसायचा.

एके दिवशी कारखान्यातून पहिलं लांब पातं निघालं. आधीच्या पात्यांचा निम्मा माल परदेशातून बोटीने यायचा. याचा धागा न् धागा इथला. रस्त्याच्या कडेला ही गर्दी. कारखान्यातल्या मुली आपापल्या सासवांना कुठला भाग कुणी घासला ते दाखवत होत्या. चौकातल्या न्हाव्याने तर गिऱ्हाइकासकट खुर्ची बाहेर आणली होती.

"अर्धी दाढी राहू दे," तो म्हणाला. "अशी मिरवणूक काय रोज निघते?"

चौकात वळताना पातं लादलेल्या ट्रेलरची मागची चाकं टेलरच्या दुकानाच्या भिंतीला जाऊन टेकली. पुढे जाईना, मागे येईना.

मुकादम मोजणीदाराजवळ आला. आवाज चढवला नाही त्याने.

"बसेल म्हणाला होतास."

दुकानाचा तो कोपरा पाडायचं कारखान्याने कधीच ठरवलं होतं, बदल्यात नवं दुकानही देत होते. टेलर म्हणाला होता, "मी आहे तोवर राहू दे रे. मग काय ते करा." म्हणून मुलाने टेप धरला तो जरा सैल धरला, आणि बसतंय म्हणून सांगून टाकलं.

तेवढ्यात मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. कारखान्यानेच गावाला दिलेली नवी गाडी. गर्दीने तिला वाट करून दिली, पण ती पात्याच्या शेपटापाशी येऊन थांबली; हमरस्त्यावरच्या दवाखान्याकडे जायला दुसरी वाट नव्हती. मोजणीदार तिकडे धावला ते ड्रायव्हरला रस्ता अडलाय हे सांगायला. मागचं दार उघडलं तर आत आई बसली होती.

"जेवताना छातीत कळ आली," आई म्हणाली. "अरे, ह्यांची गाडी जाऊ दे की पुढं."

टेलरच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. खिडकीतून त्याला पातं दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे आपली भिंत.

"पलीकडे उचलून नेऊ," मोजणीदार ड्रायव्हरला म्हणाला. "पात्याखालून."

"आणि पुढे कशात घालायचं, दादा? सकाळपासून तो रस्ता तुम्हीच रिकामा केलाय. एक सायकल नाही तिकडे."

टेलरने मास्क बाजूला केला.

"शिंप्याचा पोरगा," तो म्हणाला, "आणि मापात चुकला."

"बाबा, बोलू नका."

"पाड ती भिंत. पण आत लोकांचे कपडे आहेत. ते आधी काढ."

"कपड्यांचं काय घेऊन बसलात आता!" आई म्हणाली.

पण टेलरने मुलाचं मनगट धरून ठेवलं होतं. हो म्हणेपर्यंत सोडलं नाही.

मोजणीदाराने दुकान उघडलं. शिवलेलं, कापलेलं, नुसतं खुणा केलेलं, सगळं कवेत घेऊन तो बाहेर देत गेला. मुलींनी पदर, ओढण्या सावरत ओळ धरली. न्हाव्याने आपली खुर्ची रिकामी करून तिच्यावर कोट ठेवले. एका सासूला स्वतःचं पोलकं ओळखू आलं आणि ती म्हणाली, "कधीचं मागतेय." मग ॲम्ब्युलन्सकडे बघून तिने ते ओळीत पुढे दिलं.

नंतर मोजणीदाराने मुकादमाच्या हातातली पहार घेतली. दुसरी माणसं पुढे आली, त्यांना त्याने हात लावू दिला नाही. भिंत जुनी होती, तरी लवकर पडेना. शेवटी मुकादमाने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि चौघांनी मिळून कोपरा पाडला.

चाकं दगडविटांवरून गेली. पातं वळलं. लांब उभ्या असलेल्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा रस्ता एका गाडीपुरताच. हमरस्त्यापर्यंत पात्याला ओलांडून जायला कुठेच जागा नव्हती, आणि पातं माणसाच्या चालीने चाललं होतं. ॲम्ब्युलन्स त्याच्या मागून निघाली. मोजणीदार आत बापाच्या पायाशी बसला. त्याचे हात विटांनी लाल झाले होते. पुढच्या काचेत त्या पांढऱ्या टोकाशिवाय काही दिसत नव्हतं.

"कपड्यांवर धूळ नाही ना बसली?" टेलरने विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला.

टेलर त्याच दुपारी, हमरस्ता लागायच्या आधी, ॲम्ब्युलन्समध्ये वारला.