थांबायच्या जागा

“आज मध्ये मध्ये थांबायचं नाही, मावशी,” दिग्दर्शक म्हणाला. “प्रश्न विचारायचा, लगेच उत्तर सांगायचं, पुढे चालायचं.”

मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या भिंगरीमावशीच्या गालांवर दोन लाल गोल काढून झाले होते. गालांवर असे गोल असताना माणसाला रागावता येत नाही. रागावलं तरी समोरच्याला ते गोडच दिसतं. टीव्हीवर लहान मुलांचा कार्यक्रम करण्यात केस पांढरे झाल्यावर तिला एवढं तरी कळलं होतं.

“अरे, मी उगीच थांबत नाही,” ती म्हणाली. “घरी मूल बसलेलं असतं. त्याला उत्तर द्यायचं असतं.”

“पटतंय हो. पण तेवढ्यात पोरं दुसरं काहीतरी लावतात. आम्ही बघतो ना रोज. गेला महिनाभर एडिटिंगला आम्ही ती भोकंच बुजवतोय.”

“भोकं?”

“म्हणजे तुमची शांतता हो. आज चॅनलचा वाढदिवस, कार्यक्रम थेट जाणार, कापायची सोय नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो.”

तिनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. वाईट नव्हता मुलगा. हुशारही होता. फक्त बोलताना त्याचा अंगठा फोनवर चालू असायचा, त्यामुळे तो नक्की कुणाशी बोलतोय हे समजायचं नाही.

“परवा दवाखान्यात एक बाई भेटली,” ती म्हणाली. “तिचा मुलगा कुणाशी बोलत नाही. घरातल्यांशीसुद्धा नाही. मला तेवढं उत्तर देतो. पण त्याला वेळ लागतो रे. शब्द गोळा करावे लागतात त्याला. ती म्हणाली, हल्ली तो तोंड उघडतो तोवर तुम्हीच सांगून मोकळ्या होता. आता तो टीव्हीसमोर बसतो आणि—”

“किती गोड! वाढदिवसाच्या मुलाखतीत सांगा हे. नक्की सांगा.” तो दारापर्यंत पोचलाही होता. तिथून वळून जरा हळू आवाजात म्हणाला, “आणि रागावू नका, पण वरच्यांनी तुमच्या जागी एक कार्टूनमधली खार पाहून ठेवलीये. तिची पाठ दुखत नाही आणि ती थांबत नाही. आज घोळ झाला तर सोमवारपासून तीच येईल. तुमच्या भल्याचं सांगतोय.”

दार लागलं.

“आणि तोंडच उघडत नाही,” भिंगरीमावशीनं आपलं वाक्य दाराला सांगून पुरं केलं.

“हलू नका, ओठ राहिलेत,” मेकअपवाली म्हणाली.

“हलवून तरी काय उपयोग आहे, बाई.”

सेटवर पुठ्ठ्याचं कपाट उभं होतं. त्याच्यामागे बदकवाले काका स्टुलावर बसून हातात कापडी बदक चढवत होते.

“काका, गुडघा काय म्हणतोय?”

“काय म्हणणार? तो ऐकतो कुठं कुणाचं.”

“आज थांबायचं नाही म्हणतात. विचारायचं आणि आपणच सांगायचं.”

“माझी सासू अशीच होती,” काका म्हणाले. “‘जेवणार का, जेवूनच आला असाल!’ सगळं एका दमात. पंचवीस वर्षं उपाशी परत आलो.”

ती हसली, पण हसू गालांवरच्या गोलांपर्यंत पोचलं नाही. कुणीतरी हात वर केला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

भिंगरीमावशीनं नेहमीसारखी एक गिरकी घेतली, नेहमीसारखी हाक मारली, आणि टेबलावरचं बदक नाहीसं झालेलं पाहून नेहमीसारखी घाबरली. टेबलाखाली वाकली. टोपी उलटी करून झटकली. स्वतःच्या खिशात डोकावली. तेवढ्यात मागच्या कपाटावरून बदकानं मान वर काढली. तिला दिसायला नको, मुलांना दिसायला हवी, इतकी.

तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“कुठं गेलं माझं बदक? तुला दिसलं का?”

आणि ती थांबली.

“चला, मावशी,” कानातल्या बटणातून दिग्दर्शकाचा आवाज आला. “‘अरेच्चा, माझ्या मागेच आहे की!’ बोला.”

ती भुवया उंचावून, मान जराशी कलती करून उभी राहिली. काचेपलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या एका खोलीकडे पाहत राहिली. कॅमेरामननं डोळा बाजूला करून तिच्याकडे बघितलं. माईकवाल्यानं श्वास रोखून धरला. स्टुडिओत एसीची घरघर ऐकू यायला लागली.

“मावशी, ओळ विसरलात का? अहो, थेट चाललंय हे! मागे! तुमच्या मागे आहे!”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

“मागे! अहो, मागे बघा ना! कपाटावर! ते काय, कपाटावर!” त्याचा आवाज चिरकला. त्याचा अंगठा आता फोनवर नसणार, एवढं तिला कळलं.

कपाटामागे काकांचा हात भरून आला. बदक थरथरायला लागलं. पण खाली गेलं नाही.

भिंगरीमावशी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. घरोघरच्या पडद्यांवर तिचे दोन लाल गोल भरून उरले असतील. पहिल्या बाकावरचं जे पोर प्रत्येक प्रश्नाला उठून उभं राहतं, त्याला दटावतात तशा मायेनं ती म्हणाली,

“तुला येतंय रे, मला माहितीये. तू जरा गप्प बस. त्याला सांगू दे.”