ओ ताई

“ओ ताई!” दगडाबाईंनी हात वर करून हाक मारली, आणि जेवण वाढणारी मुलगी हसत हसत पाण्याचा तिसरा जग ठेवून गेली.

पहिल्यांदा हाक मारली तेव्हा त्यांना मीठ हवं होतं. दुसऱ्यांदा हिरवी मिरची. आता तर फक्त मीठ-मिरची कुठं अडली एवढंच विचारायचं होतं. पण दर हाकेला पाणीच येत होतं.

दगडाबाई पाटोद्याजवळच्या महिला शेळीपालन संस्थेच्या अध्यक्ष आणि बंकट सचिव. शेळीच्या दुधाचं चीज कसं करतात ते बघायला अभ्यास दौऱ्यावर दोघं थेट कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर आली होती. बेट फ्रान्सचं, भाषा फ्रेंच. हॉटेल मात्र साधंसुधं. वर पत्रा, खाली वाळू, रंगवलेली लाकडी बाकं. चौसाळ्याच्या हायवेवर असतं तर कुणीही ढाबा म्हणून गाडी थांबवली असती.

पण चव! भाजलेल्या पावावर शेळीचं चीज, त्यावर मधाची धार. गावाकडं शेळीच्या दुधाचा चहा म्हटलं की पाहुणा चपला शोधायला लागतो. इथं त्याच दुधाचा पदार्थ माणसं डोळे मिटून खात होती. दगडाबाईंचा ऊर भरून आला. आपल्या शेळ्यांना कुणीतरी आज पाटावर बसवलं, असं त्यांना वाटलं.

“बंकट, ही पोरगी सारखं पानीच कावून आनायलीय?”

बंकटनं मोबाइलवर शोधलं आणि तो मोठ्यानं हसला. “आक्का, यांच्यात पान्याला ‘ओ’ म्हनतेत. तुमी ‘ओ ताई’ म्हनता, तिला वाटतं तुमी पानी मागायलात.”

“आगं माय! आपल्याकडं टँकरला म्हैनाभर हाका माराव्या लागतेत. हितं नुसतं ‘ओ’ म्हनलं की पानी म्होरं. लई पुन्यवान मुलूख हाय बाबा!” त्यातलं ‘ओ’ त्यांनी कौतुकानं जरा जोरातच म्हटलं.

मोबाइल हातात होताच, म्हणून बंकटनं दोन दिवस टाळलेला विषय काढला. “गावाकडून आपल्या सभासद वच्छलाबाईंचा मेसेज हाय. शेजारच्या वस्तीवरचा सुग्रीव उद्या सकाळी पुन्हा येनार. चाळीस घरांसाठी आपल्या बोअरचं प्यायचं पानी मागायलाय. हो कळवायचं का न्हाई?”

दगडाबाईंचा हात ताटातच थांबला. संस्था काढली तेव्हा त्या वस्तीवर घरोघर फिरल्या होत्या. वस्ती पोट धरून हसली होती. ‘शेळ्यांची सोसायटी’ हे नावही तिथूनच पडलेलं. एकही बाई सभासद झाली नाही. पुढं बायांनी खस्ता खाऊन बोअर घेतला. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, आणि आता तो दिवसाला जेमतेम तासभर चालत होता. तो आटला तर शेळ्या जाणार, आणि शेळ्या गेल्या की संस्था गेली.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बी तेच. सभासद न्हाईत, तर आपन त्येंचं काय देनं लागतो? हात धुवून येते, मग लिव.”

खरकटा हात कागदानं पुसणं त्यांना काही केल्या पटत नव्हतं. त्या मागच्या बाजूला गेल्या. नळ फिरवला. नळानं फुस्सकन हवा सोडली आणि गप्प बसला.

तो आवाज दगडाबाईंच्या ओळखीचा होता. आणि पाठोपाठ आलेला आवाज तर त्याहून जास्त ओळखीचा. पाणी साठवायच्या टिपाडाच्या तळाला प्लास्टिकचा मग घासल्याचा.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक निळं टिपाड होतं. तोंडाला बांधायचं फडकं बाजूला काढून ठेवलेलं. ती मुलगी टिपाड गुडघ्यावर कलतं करून तळातलं पाणी जगात भरत होती. चौथा जग. मघाचं जोरात म्हटलेलं ‘ओ’ तिनं ऐकलं होतं.

दगडाबाईंना बघून ती जराशी ओशाळली. नळाकडं बोट दाखवून तिनं चार बोटं वर केली. चार दिवस. मग हसून तिनं जग उचलला आणि दगडाबाईंच्या हातावर बारीक धार धरली. धार करंगळीएवढी. पाटोद्याची बाई धरते तशीच.

ही कुठली, आपण कुठले. ना नात्याची, ना गोत्याची. आम्हाला पाणी नाही, असं म्हणायचा तिला पुरा हक्क होता. ती एकदाही म्हणाली नव्हती. दगडाबाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्या पोरीचं कौतुक त्याहून जास्त वाटलं.

त्या टेबलाशी आल्या आणि दोन भरलेले जग उचलून मागं घेऊन गेल्या. दोन्ही टिपाडात ओतले. मुलगी ‘नको नको’ करत होती.

“उष्टं न्हाई गं माय, हातबी लावला न्हवता,” दगडाबाईंनी तिला मराठीतच समजावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

परत येऊन त्यांनी उरलेल्या जगातलं पेलाभर पाणी घेतलं. वरून, धार न तोडता, थेंबही न सांडता प्याल्या.

“आक्का, ‘न्हाई’ लिव्हू न्हवं?” बंकटनं विचारलं.

“थांब.”

“म्हंजी हो? आन बोअर आटला तर?”

“आटंपर्यंत तर देऊ. मग टिपाड कलतं करू.” दगडाबाईंनी पेला खाली ठेवला. “तिसऱ्यांदा हाक मारलीय त्येंनी. ‘ओ’ लिव.”