दुहेरी टाका

खत चाळताना चाळणीत काहीतरी अडकलं. नर्सरीवाल्याने हात घालून ते ओढून काढलं. मातकट दोऱ्याचा गुंता होता, केसांच्या गुंतवळासारखा. समोर खत ओढणाऱ्या त्याच्या बायकोचं फावडं मधेच थांबलं.

गेल्या हिवाळ्यात तिनेच त्याचा जुना शर्ट खताच्या खड्ड्यात पुरला होता. त्याच्या पहिल्या बायकोने शिवलेला. पहिली जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा पठ्ठ्या दर रविवारी तोच शर्ट चढवायचा आणि हिचा जळफळाट व्हायचा. सवत जिवंत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मेलेल्या बाईशी भांडणार कसं? शर्ट सुती होता. त्याची माती होणार, एवढं या धंद्यात तिला कळत होतं. झालीही. दोऱ्याचा मात्र तिने विचारच केला नव्हता.

"शर्ट गेला कुठे म्हणत होतो मी," गुंत्यातली कॉलरची शिवण बघत तो म्हणाला.

"उंदरांनी कुरतडला होता. म्हणून टाकला."

त्याने गुंता हलकेच सोडवला. "कापड पार जिरलंय बघ. दोरा नायलॉनचा, त्याला मातीतलं कुणी तोंड लावत नाही." मग त्याचा अंगठा थांबला. "हा खिशाचा कोपरा. दुहेरी टाका. ती असाच घालायची."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो नखाने एकेका टाक्यातली माती काढत बसला. नुसत्या दोऱ्यावरून त्याने पहिलीला ओळखलं, हे हिच्या फार जिव्हारी लागलं.

"आणि माझ्या हातचं? तेही ओळखाल असं मातीतून?"

त्याने खरंच विचार केला. मग ढिगातून मूठभर खत उचलून तिच्यापुढे धरलं. "हे काय. इतकं मोकळं खत दुसऱ्या कुणाला जमतंय? वर्षभर खालीवर तूच केलंस. डोळे मिटून ओळखीन."

तो मनापासून बोलत होता, हे तिला दिसत होतं. ती ढिगाकडे बघत राहिली. उद्या हे पोत्यांत भरायचं होतं. मग लोकांच्या कुंड्यांत जाणार, आणि बघता बघता मुळं ते खाऊन टाकणार.

"आटपा आता," ती म्हणाली आणि तिने फावडं ढिगात मारलं.

त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि अंगातल्या शर्टाच्या खिशात जपून ठेवला. तो शर्ट हिने घेतलेला होता, दुकानातून, तयार.